गैरहजर वाचक

पंचवीस रुपये दंड, आणि तो भरला नाही तर एक आठवडा साधी कैद. मुंबई उच्च न्यायालयाने चंद्रकांत काकोडकर या मराठी लेखकाला दिलेली ही शिक्षा. गुन्हा एका गोष्टीचा. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली होती, आणि उच्च न्यायालयाच्या मते ती अश्लील होती. आरोपींच्या ताब्यात त्या अंकाच्या ज्या प्रती असतील त्या नष्ट कराव्यात, असाही आदेश होता. दंडाची रक्कम किरकोळ होती. हा आदेश मात्र किरकोळ नव्हता.

या खटल्याबद्दल जे खात्रीने सांगता येतं, त्याचा मुख्य आधार सर्वोच्च न्यायालयाचं २५ ऑगस्ट १९६९ चं निकालपत्र आहे. न्यायमूर्ती पी. जगनमोहन रेड्डी यांनी ते लिहिलं. खालच्या कोर्टांत काय घडलं याचा सारांशही त्यात आहे. पुण्यातल्या एका रहिवाशाने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद दिली. आपण हा अंक वाचला, त्यातले बरेच लेख आणि चित्रं आपल्याला अश्लील वाटली, सर्वसाधारण वाचकांची आणि विशेषतः तरुण वाचकांची मनं त्यामुळे बिघडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. आरोपी क्रमांक एक मासिकाचे मुद्रक-प्रकाशक, क्रमांक दोन काकोडकर आणि त्यानंतर अंक विकणारे एजंट. दंडाधिकाऱ्याने आरोपींना निर्दोष ठरवलं. सरकार अपिलात गेलं, उच्च न्यायालयाने निर्दोषत्व रद्द केलं, आणि पंचवीस रुपयांच्या दंडाविरुद्ध लेखक दिल्लीपर्यंत गेला. १९६२ची दिवाळी ते १९६९चा ऑगस्ट, म्हणजे जवळजवळ सात वर्षं.

फिर्यादीतला ‘तरुण वाचक’ कोण होता? निकालपत्रात त्याची साक्ष नाही. फिर्यादी स्वतः अंक वाचून बिघडले, असा त्यांचाही दावा नव्हता. बिघडणारा माणूस दुसराच कोणी होता, आणि तो कोर्टात आलाच नाही. अश्लीलतेच्या जुन्या खटल्यांचे कागद एकापुढे एक ठेवले की हा गैरहजर माणूस सगळीकडे दिसतो. कायद्याचा डोलारा त्याच्यावर उभा, आणि नोंद मात्र त्याची कुठेच नाही.

त्याचा जन्म इंग्लंडात झाला. १८६८ साली वुल्व्हरहॅम्प्टन गावात हेन्री स्कॉट नावाच्या माणसाकडून एका पुस्तिकेच्या २५२ प्रती जप्त झाल्या. पुस्तिका रोमन कॅथलिक पंथातल्या पापनिवेदनाच्या प्रथेवर टीका करणारी होती. स्कॉटला कामुक पुस्तकं विकून पैसे मिळवायचे नव्हते, त्याला धर्मवाद करायचा होता. तरीही सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी निकाल देताना एक कसोटी घातली. ज्यांची मनं अशा अनैतिक प्रभावाला मोकळी आहेत आणि ज्यांच्या हाती असं लिखाण पडू शकतं, त्यांना बिघडवण्याकडे त्याचा कल आहे का, एवढंच पाहायचं. लेखकाचा हेतू गौण. ही ‘हिकलिन कसोटी’. यात वाचक कोण हे ठरवण्याची गरजच उरत नाही, कारण सगळ्यांत दुबळा वाचक गृहीत धरून चालायचं असतं. आपल्याकडच्या न्यायालयांनी ती उचलली आणि शतकाहून अधिक काळ सांभाळली.

आपल्याकडचा कायदा त्याआधीचा. १८५६ साली अश्लील पुस्तकं आणि चित्रांविरुद्धचा पहिला अधिनियम आला. मग १८६०च्या दंडसंहितेत कलम २९२ बसलं आणि १ जानेवारी १८६२ पासून ते लागू झालं. शिक्षा जास्तीत जास्त तीन महिने कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. मंदिरांवरची शिल्पं आणि धर्मकार्यासाठीच्या प्रतिमा यांना सूट होती. आपण राज्य करतो त्या देशाच्या देवळांवर काय कोरलेलं आहे, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

हे कलम कुठे चालत होतं आणि कुठे नव्हतं, हे पाहायचं तर आजच्या पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागाकडे यावं लागतं. जव्हार आणि मोखाडा ही नावं आपण आता एका दमात घेतो. एकाच रस्त्यावरची, एकमेकांना लागून असलेल्या दोन तालुक्यांची गावं. दोन्हीकडे वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्ती. पण ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर उघडलं तर त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आहे. मोखाडा हा शहापूर तालुक्याचा पोटविभाग, म्हणजे थेट ब्रिटिश मुलूख. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. दंडसंहिता मुळात ब्रिटिश मुलखासाठी होती, संस्थानांत ती आपोआप चालत नसे. संस्थानाचा कारभार संस्थानाच्या न्यायव्यवस्थेने चाले. म्हणजे मुंबईत छापलेला एखादा अंक मोखाड्याच्या बाजारात विकणं कलम २९२ खाली गुन्हा ठरू शकत होतं. तोच अंक घेऊन जव्हारच्या हद्दीत शिरलं की ते कलम आपोआप सोबत येत नसे. १९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही रेघ पुसली गेली.

या भागात असा कुठला खटला झाल्याची नोंद मला आढळलेली नाही, आणि तशी ती नसावी यात नवलही नाही. छापील अंक येणार कुठून आणि वाचणार कोण, असा तो काळ. तरी ही सीमा मला महत्त्वाची वाटते. कायदा वाचकाच्या मनाच्या दुबळेपणाबद्दल बोलत होता, आणि ते मन संस्थानाच्या हद्दीत एक आणि इंग्रजी मुलखात दुसरं नव्हतं. कमी कपड्यांत वावरणाऱ्या, लग्नाआधीच्या आणि लग्नाबाहेरच्या संबंधांकडे स्वतःच्या रीतीने पाहणाऱ्या आदिवासी समाजांना नीतीच्या या व्याख्येत जागाच नव्हती. ‘समाजाची नीती’ असं निकालपत्रात म्हटलं जातं तेव्हा तो समाज बहुतेक वेळा मुंबई-पुण्याचा, पांढरपेशा आणि छापील मजकूर वाचणारा असतो.

त्याच पांढरपेशा समाजाशी रघुनाथ धोंडो कर्वे यांनी सव्वीस वर्षं झुंज दिली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना ती नोकरी सोडावी लागली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक काढला. त्याच्या दोनच वर्षं आधी सरकारने कलम २९२ नव्याने घडवलं होतं. १९२३ साली जिनिव्हात अश्लील प्रकाशनांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला होता, आणि तो पाळण्यासाठी १९२५ चा आठवा अधिनियम आला. कलम ताजं होतं, आणि कर्व्यांचं मासिक त्या कलमाच्या वाटेतच उभं होतं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचित्र आणि आत गुप्तरोग, गर्भनिरोधन, हस्तमैथुन, वेश्याव्यवसाय, व्यभिचार यांवर सरळ मराठीत लेख. नग्नतेत अश्लील काही नाही अशी त्यांची ठाम भूमिका होती, आणि मुखपृष्ठ ही तिची दर महिन्याची घोषणा.

१९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून त्यांच्यावर खटला झाला. शंभर रुपये दंड. अपील फेटाळलं गेलं. १९३४ साली पुन्हा अटक झाली, तेव्हा त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. या खटल्याविषयी बरंच लिहिलं गेलं आहे, त्यावर नाटकही आलं. बहुतेक ठिकाणी भर दोन मोठ्या माणसांच्या भेटीवर असतो. मला त्यातला आरोप जास्त बोलका वाटतो. कर्व्यांवर ठपका होता तो वाचकांनी पत्रांतून विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देण्याचा. आंबेडकरांनी मांडलं की लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानेच काही अश्लील होत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला अज्ञानात ठेवायचं की शास्त्राने उत्तर द्यायचं, हा खरा मुद्दा. हॅवलॉक एलिस यांच्या लैंगिकतेवरच्या संशोधनाचे दाखले त्यांनी दिले. कोर्टाने ऐकलं नाही. दंड दोनशे रुपये.

मी ज्या वाचकाला शोधतो आहे, तो या सगळ्या प्रवासात फक्त इथे भेटतो. त्याने पत्र लिहिलं होतं. त्याला काही ठाऊक नव्हतं, भीती वाटत होती, घरात किंवा डॉक्टरकडे विचारण्याची सोय नव्हती, म्हणून त्याने एका मासिकाच्या संपादकाला विचारलं. कायद्याचा वाचक निमूटपणे बिघडतो. कर्व्यांचा वाचक शंका काढतो. आणि कोर्टाने तो दिसल्याबरोबर त्याच्या प्रश्नाचं उत्तरच गुन्हा ठरवलं. त्याचं मन वाचवायला निघालेल्या कायद्याने त्याच्या तोंडावर हात ठेवला. कर्व्यांनी त्यानंतरही मासिक बंद केलं नाही. दंड भरले, पदरचे पैसे घातले, आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत अंक काढले. नोव्हेंबर १९५३ चा अंक शेवटचा.

स्वातंत्र्य आलं, संविधान आलं, अनुच्छेद १९ने अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात ‘सभ्यता किंवा नीतिमत्ता’ यांसाठी वाजवी निर्बंधांची मुभाही ठेवली. कलम २९२ या संविधानापुढे टिकतं का, हा प्रश्न मुंबईच्याच एका पुस्तकविक्रेत्यामुळे सर्वोच्च न्यायालयात गेला. हॅपी बुक स्टॉल या दुकानाच्या चार भागीदारांपैकी रणजित उदेशी एक. १२ डिसेंबर १९५९ रोजी त्यांच्या दुकानातून डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ची एक प्रत विकली गेली. घेणारा पोलिसांनी पाठवलेला बनावट गिऱ्हाईक होता.

इथे गैरहजर वाचकाची जागा सरकारने स्वतःच्या माणसाने भरली. ज्याने पुस्तक विकत घेतलं त्याला ते वाचायचं नव्हतं. ज्याने विकलं त्याने ते वाचलेलं असावं, अशीही कायद्याची अट नव्हती. दुकानातलं प्रत्येक पुस्तक विक्रेता वाचू शकत नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. कलम २९२ खाली सरकारने विक्रेत्याचं ज्ञान सिद्ध करायची गरज नाही, असं ठरलं. बचावासाठी मुल्कराज आनंद साक्षीला आले होते आणि त्यांनी कादंबरीचं साहित्यमूल्य सविस्तर उलगडून सांगितलं. १९६० साली लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात याच कादंबरीचे प्रकाशक निर्दोष सुटले होते, कारण इंग्लंडने १९५९ साली आपला कायदा बदलला होता. १९ ऑगस्ट १९६४ रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठातर्फे निकाल दिला. हिकलिन कसोटी थोडी घासूनपुसून का होईना, भारतात कायम राहिली. ती जिथे जन्मली त्या देशाने तिची पकड ढिली केली, आणि आपण ती घट्ट धरली. प्रत्येक भागीदाराला वीस रुपये दंड, नाहीतर एक आठवडा कैद.

‘श्यामा’चा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तो या निकालाच्या सावलीत. म्हणूनच जगनमोहन रेड्डी यांचं निकालपत्र वाचताना माझं लक्ष कसोटीपेक्षा ती लावण्याच्या पद्धतीकडे जातं. कसोटी त्यांनी उदेशी प्रकरणातलीच घेतली, पण गोष्ट पूर्ण वाचली. उच्च न्यायालयाने वेचलेल्या उताऱ्यांवर ते थांबले नाहीत. कवी निशिकांत आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता, श्यामा या तीन स्त्रिया यांची ती कथा. निकालपत्र तिचं कौतुक करत नाही. वाङ्मयीन दर्जा फारसा नसेल, लिखाण अपरिपक्व असेल, रुचीला न मानवणारं असेल, पण पूर्ण वाचली असता ती कामोत्तेजनासाठी लिहिलेली नाही आणि वाचणाऱ्याला भ्रष्ट करील असं तिच्यात काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष. वाईट गोष्ट लिहिण्याचाही लेखकाला हक्क आहे, हे या निकालाने न बोलता मान्य केलं. महान कलाकृतीच्या बाजूने निकाल देणं त्यामानाने सोपं असतं. ‘श्यामा’ महान नव्हती, आणि म्हणूनच हा निकाल मोलाचा आहे.

वाचकाबद्दलही त्यात एक नवी गोष्ट होती. एखाददुसरा माणूस बिघडेल का, हा प्रश्न न्यायालयाने बाजूला ठेवला. ज्यांच्या हाती लिखाण पडतं अशा एखाद्या वर्गावर परिणाम होईल का, हे पाहायला हवं असं म्हटलं. समाजाचे मापदंड झपाट्याने बदलत आहेत, प्रौढांना आणि किशोरवयीनांनाही प्रेम-प्रणयाचा मजकूर असलेली कितीतरी पुस्तकं मिळतात, आणि नुसता लैंगिकतेचा उल्लेख म्हणजे अश्लीलता मानली तर धार्मिक पुस्तकांखेरीज काहीच विकता येणार नाही, हेही नोंदवलं. सगळ्यांत दुबळ्या वाचकाऐवजी इथे प्रथमच जरा ओळखीचा वाचक डोकावतो.

फिर्यादी बाजूला पूर्ण चुकीचं ठरवणं मात्र मला अन्यायाचं वाटतं. दिवाळी अंक ही आपल्याकडची वेगळीच वस्तू. १९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा अंक घरात येतो तो घरासाठी. वडील वाचतात, आई वाचते, शेजारी मागून नेतात, वाचनालयातून शंभर हातांतून फिरतो, आणि सुट्टी लागलेली मुलं तो फराळाच्या ताटाशेजारी उघडतात. असा अंक कोणाच्या हाती पडेल, ही चिंता खोटी नव्हती. त्या चिंतेचं उत्तर मात्र लेखकावर फौजदारी खटला आणि छापलेले अंक नष्ट करणं हे नव्हतं. ‘रंभा’ कोणत्या घरात जात होता आणि कोणत्या घरात जात नव्हता हे वाचकांना ठाऊक होतं. ते ओळखण्याची समज त्यांना आहे, हे कायद्याने मानायला हवं होतं.

काकोडकर सुटले, आणि तेरा दिवसांनी कायदा बदलला. दिवाण चमनलाल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाचं १९६९ चा ३६वा अधिनियम असं रूपांतर झालं आणि ७ सप्टेंबर १९६९ पासून तो अमलात आला. या कायद्याने दोन दिशांना एकदम पाऊल टाकलं. एकीकडे विज्ञान, साहित्य, कला, विद्या अशा सार्वजनिक हिताच्या कामासाठी असलेल्या प्रकाशनांना सूट दिली. कर्व्यांच्या हयातीत ही सूट असती तर! दुसरीकडे शिक्षा वाढवली. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला पाच वर्षं आणि पाच हजार. वाचकाची व्याख्याही बदलली. सर्व परिस्थिती लक्षात घेता जे तो मजकूर वाचण्याची, पाहण्याची किंवा ऐकण्याची शक्यता आहे, अशांवर काय परिणाम होतो ते पाहायचं, असं कलमात आलं. त्याच वर्षी काकोडकरांच्या ‘नीलांबरी’वर बेतलेला ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि देशभर गाजला. ज्या लेखकाच्या कथेने समाज बिघडेल अशी भीती होती, त्याचीच दुसरी कथा घरंच्या घरं बघायला गेली.

हिकलिन कसोटी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टपणे बाजूला ठेवली ती फेब्रुवारी २०१४ मध्ये, अवीक सरकार प्रकरणात. तिच्या जागी समकालीन समाजाचे मापदंड आले. पुढच्याच वर्षी, १४ मे २०१५ रोजी, वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने प्रकाशक-मुद्रकांना माफीमुळे सोडलं, पण कवीने खटल्याला सामोरं जावं असं ठरवलं. कविता १९८४ची, ती छापणारा बँक कर्मचारी संघटनेच्या नियतकालिकाचा अंक १९९४चा. माझ्या मते तो निकाल ‘श्यामा’च्या निकालापासून मागे सरकलेला आहे. तरी त्याबद्दल वाद घालता येतो, कारण निकालपत्र आहे, कारणं आहेत, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद छापलेले आहेत.

त्याच २०१५ च्या ३१ जुलैला दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना एक पत्र पाठवलं. सोबत ८५७ संकेतस्थळांची यादी. ती बंद करा, कारण अनुच्छेद १९(२) मधली नीतिमत्ता आणि सभ्यता. काही दिवसांतच आदेश सैल करण्यात आला आणि लहान मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारी स्थळं तेवढी बंद ठेवा असं सांगितलं गेलं. मुलांच्या शोषणाविरुद्धची कारवाई हवीच, तिथे दुमत असू नये. पण त्या ८५७ मध्ये कॉलेजह्यूमरसारखं विनोदी संकेतस्थळही होतं. ते कोणी पाहिलं, कोणत्या पानावरून अश्लील ठरवलं, बचावाला कोणाला बोलावलं, यांपैकी कशाचाही कागद त्या पत्राला जोडलेला नव्हता. आरोपी क्रमांक एक, दोन, तीन नव्हते. साक्षीदार नव्हते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली संकेतस्थळ बंद केलं जातं तेव्हा तर तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवावीत असा २००९च्या नियमांतच दंडक आहे.

‘श्यामा’ची फाइल सात वर्षं चालली आणि शेवटी थोडक्या परिच्छेदांत का होईना, कारणं लिहिली गेली, म्हणून आज मी हे लिहू शकतो. ८५७ नावांच्या यादीवरून पन्नास वर्षांनी कोणी इतिहास लिहायला बसलं तर त्याच्या हाती फक्त यादी असेल.

१ जुलै २०२४ पासून दंडसंहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. कलम २९२ आता २९४ आहे, पहिल्या गुन्ह्याचा दंड पाच हजारांपर्यंत गेला आहे, आणि वाचण्याची, पाहण्याची, ऐकण्याची शक्यता असलेल्या माणसाचं १९६९चं वाक्य तसंच ठेवलं आहे. जव्हारला आणि मोखाड्याला ते आता सारखंच लागू आहे. तिथला शाळकरी मुलगा आश्रमशाळेतून सुट्टीला घरी येतो आणि मोठ्या भावाच्या मोबाइलवर काय दिसेल ते पाहतो. त्याच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर देणारं मासिक नोव्हेंबर १९५३ मध्ये बंद पडलं.